गुलाबाला डोळा कसा भरायचा, आणि नर्सिंगच्या वहीतलं इनॉक्युलेशन

ठाण्यात ज्यांच्या ग्रिलमध्ये गुलाबाची कुंडी आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे एक रानटी झालेलं झाड असतंच. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या नर्सरीतून आणलं तेव्हा भरगच्च लाल फुलं होती. एक-दोन पावसाळ्यांत वरचं वाळून गेलं आणि बुडातून बारीक पानांच्या लांबलचक काठ्या सुटल्या. फूल नाही की वास नाही, नुसता पसारा. मग एक दिवस वैतागून कुंडी रिकामी केली जाते. करू नका. तो आयता खुंट आहे, म्हणजे ज्यावर कलम करतात ते खालचं झाड. त्यावर चांगल्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, भरला की झाड परत कामाला लागतं, आणि खर्च म्हणाल तर एका ब्लेडचा आणि वीतभर पट्टीचा.

मी निवृत्त नर्स. नोकरीत लसीकरणाचं काम जास्त, म्हणजे बाळांच्या दंडावर-मांडीवर टोचणं. आणि डोळे भरायला शिकवलं मामांनी. ते नाशिकचे. ज्या गावाचं एके काळी नावच गुलशनाबाद होतं तिथला माणूस, गुलाबाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. आता आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी नर्सिंग करतेय. परीक्षा जवळ आली की वही घेऊन गच्चीवर येते आणि विचारते, ‘काकू, इनॉक्युलेशन आणि व्हॅक्सिनेशन एकच ना?’ हातात चाकू धरून मी तिला जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी खुंट. रानटी झालेल्या झाडात खरंच खुंट सुटलाय का, हे बघायची खूण म्हणजे फूट कुठून आली ते पाहणं. नर्सरीतल्या गुलाबाच्या बुडाशी एक गाठ असते, जुन्या कलमाचा सांधा. गाठीच्या वरून फूट आली असेल तर तो तुमचाच गुलाब आहे, त्याला खत द्या आणि सोडा. गाठीच्या खालून किंवा मातीतून आली असेल तर तो खुंट. पानं मोजायची एक युक्ती लोक सांगतात: एका देठावर पाच पानं असली की कलमी, सात असली की रानटी. बहुधा बरोबर येते, पण नेहमी नाही. काही कलमी गुलाबांनाही सात पानं येतात. मी गाठीवर विश्वास ठेवते.

काठ्या चार-पाच असतील तर सगळ्यात सरळ आणि निरोगी ती एक ठेवा, बाकीच्या बुडापासून काढा. जाडी साधारण पेन्सिलएवढी हवी. त्याहून बारीक असेल तर महिनाभर थांबा. असा आयता खुंट नसेल तर कुणाच्या परसातल्या रानगुलाबाची वीतभर फांदी छाटून मातीत खोचा. मुळं धरली आणि काठी जाड झाली की तीही चालते.

वेळ कोणती? आपल्याकडे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काप कुजतो, एप्रिल-मेच्या उन्हात डोळा वाळतो. भरायच्या आधीचा आठवडा खुंटाला रोज व्यवस्थित पाणी घाला, कारण सगळा खेळ सालीचा आहे. मामा दुसरं काही विचारायचे नाहीत, फक्त ‘साल सुटतेय का बघ’ म्हणायचे. बघायचं असं: खुंटावर नखाएवढा काप द्या आणि चाकूच्या पाठीनं साल उचला. ती अलगद सुटली आणि आतलं लाकूड ओलं, चकचकीत दिसलं, तर काम आजच करा. साल दोऱ्यादोऱ्यांनी फाटली, लाकडाला धरून राहिली, तर पाणी घालत राहा आणि आठवड्यानं परत बघा. सालीच्या आत जो ओला, गुळगुळीत थर असतो तोच वाढणारा थर. खुंटाचा तो थर आणि डोळ्याचा तो थर एकमेकांना टेकले की दोन्हीकडून नव्या पेशी तयार होतात आणि सांधा भरतो. साल सुटत नाही म्हणजे तो थर झोपलेला आहे. झोपलेल्याला जोडता येत नाही.

हत्यार. बी-बियाण्यांच्या दुकानात कलमचाकू मिळतो, त्याच्या मागच्या बाजूला साल उचलायची बोथट पट्टी असते. नसेल तर स्टेशनरीतला कटर, नवीन पातं तोडून. नर्स आहे म्हणून सर्जिकल ब्लेड घ्यावंसं वाटतं, पण ते फार पातळ. लाकडात रुतलं की वाकतं आणि तुटलं तर बोटात जातं. पातं स्पिरिटनं पुसा, सुकू द्या. बांधायला ग्राफ्टिंग टेप, साधारण एक सेंटिमीटर रुंद. मेडिकलमधली चिकटपट्टी वापरू नका. ती काढताना साल सोलून निघते.

आता डोळा. ज्या गुलाबाचं झाड हवंय त्याची अशी फांदी निवडा, जिच्यावरचं फूल नुकतंच झडून गेलंय. फांदी तयार आहे की नाही हे काटा सांगतो. अंगठ्यानं आडवा दाबला की स्वच्छ मोडला पाहिजे. वाकून सालीला लोंबत राहिला तर फांदी कोवळी आहे. आता पान जिथे फांदीला जोडलेलं असतं, तिथे त्याच्या बगलेत पाहा. तांबूस, टोकदार, गव्हाच्या दाण्याहूनही लहान कोंब दिसेल. तो डोळा. फांदीच्या शेंड्याकडचे डोळे किरकोळ असतात, बुडाकडचे फार दडलेले. मधले दोन-तीन घ्यायचे.

इथे मी जरा थांबते आणि त्या मुलीला वही उघडायला सांगते. डोळा कापायच्या आधीच सांगते, कारण कापल्यावर बोलत बसायला वेळ नसतो.

आपण ऊस लावतो तो दोन डोळ्यांच्या टिपरीनं. बटाट्याला डोळे येतात, द्राक्षाच्या छाटणीनंतर डोळा फुटतो. कोंबाला डोळा म्हणायची ही तऱ्हा लॅटिनमध्येही होती. ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा, माणसाचाही आणि झाडाचाही. ‘इन’ म्हणजे आत. ‘इनऑक्युलारे’ म्हणजे डोळा आत बसवणं, म्हणजे आपण आत्ता जे करणार आहोत तेच. पंधराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तो बागेतल्या कामासाठीच. त्या काळच्या इंग्रज माळ्याला ‘इनॉक्युलेट करतोस का’ असं विचारलं असतं तर त्यानं सुई नाही, चाकू काढला असता. म्हणूनच स्पेलिंगमध्ये ‘एन’ एकच येतो. दोन ‘एन’ लिहिणारे बहुधा ‘इनोसंट’चं स्पेलिंग मनात धरून चालतात, त्या शब्दाचा इथे काही संबंध नाही.

मग तो दवाखान्यात कसा गेला? देवीच्या वाटेनं. देवी म्हणजे अंगभर फोड येणारा तो रोग. वाचला तर चेहऱ्यावर वण, काहींची दृष्टीही जायची. तुर्कस्तानात, आपल्याकडे बंगालात लोकांना एक गोष्ट अनुभवानं माहीत होती: देवी एकदा येऊन गेलेल्याला त्या परत होत नाहीत. म्हणून सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला द्रव घ्यायचा, निरोग्याच्या कातडीला बारीक काप द्यायचा आणि त्यात तो घालायचा. बहुधा हलका आजार येऊन जायचा आणि माणूस सुटायचा. बहुधा म्हणते, कारण काही जण दगावायचे, आणि टोचलेल्यापासून शेजाऱ्यांना खरी देवी लागायचीही भीती असे. कॉन्स्टँटिनोपलचे, म्हणजे आजच्या इस्तंबूलचे, डॉक्टर इमॅन्युएल तिमोनी यांचं यावरचं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीनं 1714 मध्ये छापलं. तिथल्या ब्रिटिश राजदूताची बायको लेडी मेरी माँटेग्यू हिनं 1717 मध्ये घरी पाठवलेल्या पत्रात या प्रकाराला चक्क कलम करणं म्हटलंय. तिनं तिकडेच मुलाला टोचून घेतलं आणि लंडनला परतल्यावर 1721 मध्ये मुलीला. एकाच्या अंगातला कण दुसऱ्याच्या कातडीखाली. पाहणाऱ्यांना बागेतलं काम आठवलं आणि माळ्यांचा शब्द डॉक्टरांनी उचलला.

व्हॅक्सिनेशन हा नंतरचा शब्द. एडवर्ड जेन्नर यांनी 14 मे 1796 रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. गाईकडून आलेली ही देवी माणसाला फारसा त्रास देत नाही, पण खऱ्या देवीपासून वाचवते. लॅटिनमध्ये गाय म्हणजे ‘व्हाका’, त्यावरून व्हॅक्सिन. ती लस बगदाद, बसरा करत मुंबईला पोचली आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. पुढे एका दंडावरचा फोड पिकला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, तिथून तिसऱ्याच्या, असा प्रवास होता. आपल्याकडे जखमेतून पाण्यासारखं वाहतं त्याला लस म्हणतात; तेव्हा टोचायची तीही अक्षरशः लसच होती. लुई पाश्चर यांनी 1881 मध्ये सुचवलं की, जेन्नर यांच्या सन्मानार्थ सगळ्याच रोगांच्या लसींना व्हॅक्सिन म्हणावं. तेव्हापासून गाय सगळीकडे आली.

तर वहीत लिहायचं ते असं: कुठलाही कण, जंतू किंवा द्रव आत घालणं म्हणजे इनॉक्युलेशन. प्रयोगशाळेत बशीवर जंतू पेरले तरी तेच, दुधात विरजण घातलं तरी शास्त्राच्या भाषेत तेच. लस देऊन केलेलं ते व्हॅक्सिनेशन. आणि त्यानंतर शरीर तयार होतं, ते इम्युनायझेशन. त्यातला ‘इम्युनिस’ म्हणजे कर किंवा चाकरीतून माफी मिळालेला माणूस. टोचलं म्हणजे माफी मिळालीच असं नाही, हा फरक परीक्षेत विचारतात आणि कामावरही उपयोगी पडतो.

वाढत्या वयाच्या मंडळींनी आपला दंड बघावा. सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत आपल्याकडे देवी काढत असत. माझ्या दंडावर ते गोल वण आहेत, त्या मुलीच्या आईच्या दंडावर नाहीत. देशातली शेवटची देवी 1975 मध्ये झाली, जगातून ती गेल्याचं 1980 मध्ये जाहीर झालं. त्या मुलीच्या पिढीला खूण आहे ती बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या लसीची, डाव्या दंडावर.

चला, चाकू घ्या.

आधी खुंटाचा काप, नंतर डोळा. उलटं केलंत तर खुंट कापेपर्यंत डोळा सुकतो. मातीपासून चार बोटं वर, काटे काढून, साल गुळगुळीत असलेली जागा निवडा. शक्यतो उन्हाच्या उलट बाजूची. ठाण्यातल्या पश्चिमेच्या ग्रिलमध्ये दुपारनंतरचं ऊन झाड भाजून काढतं, तेव्हा हे बघाच. तिथे इंग्रजी टी अक्षरासारखा काप द्या: आडवा दीड सेंटिमीटर, त्याच्या मध्यावरून खाली उभा अडीच सेंटिमीटर. फक्त साल कापायची, लाकूड नाही. पातं कडक लागलं की थांबायचं. मग चाकूच्या पाठीनं सालीच्या दोन्ही पाकळ्या किंचित उचलून ठेवा.

आता तयार फांदीवरचं पान कापा, पण देठाचा सेंटिमीटरभर तुकडा ठेवा. तो तुमची मूठ आहे. डोळ्याला किंवा कापाला बोट लावायचं नाही, जे काय धरायचं ते देठाला. डोळ्याच्या खाली साधारण एक सेंटिमीटरवरून पातं घाला आणि सालीला समांतर सरकवत डोळ्याच्या वर तेवढंच नेऊन बाहेर काढा. अडीच सेंटिमीटरचा पातळ तुकडा हाती येईल. मागे लाकडाची फित चिकटलेली असेल तर ती नखानं हलकेच सोलून काढा.

आणि इथे तुकडा उलटा करून उजेडात बघा. हे कुणी सांगत नाही आणि इथेच निम्मे डोळे जातात. डोळ्याच्या बरोबर पाठीमागे ओलसर हिरवा ठिपका भरलेला दिसला पाहिजे. तिथे खड्डा किंवा भोक दिसलं, तर डोळ्याचा गाभा लाकडाबरोबर निघून गेला. समोरून तुकडा अगदी टवटवीत दिसतो, सांधाही भरतो, पण तिथून फूट कधी येत नाही. मामा त्याला आंधळा डोळा म्हणायचे. फेकून द्या, दुसरा काढा. लाकूड निघतच नसेल तर ओढाताण करू नका. फित पातळ असेल तर तशीच ठेवली तरी चालतं.

देठ धरून तुकडा वरून टीच्या आत खाली सरकवा. डोळा देठाच्या वर राहिला पाहिजे. देठ वर आणि डोळा खाली आला तर तुम्ही तो उलटा बसवलाय. तुकड्याचं टोक आडव्या रेषेच्या वर राहिलं तर त्याच रेषेवर कापून टाका म्हणजे साल सालीला नीट टेकेल. पट्टीचे पहिले एक-दोन वेढे आडव्या कापावर द्या आणि मग खाली या. खालून वर बांधलं तर डोळा वर सरकून बाहेर येतो. घट्ट बांधा, पण डोळा आणि देठ उघडे ठेवा.

झाल्यावर कुंडी सावलीत. पाणी मातीला घाला, पट्टीवर नाही. खुंटाचा शेंडा इतक्यात कापू नका, त्याची पानंच सध्या झाड चालवतायत.

आणि मग हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. बीसीजी दिल्यावर काही आठवड्यांनी बाळाच्या दंडावर गाठ येते, ती फुटते, थोडी लस वाहते, आणि आई घाबरी होऊन येते. तिला आम्ही सांगायचो, हळद नको, मलम नको, शेक नको, आपोआप भरेल. कुंडीवाल्यांनाही तेच सांगते. पट्टी सोडून बघितलीत की जुळत आलेला थर सुटलाच.

तरी एक तपासणी आहे, ती पट्टी न सोडता होते. दोन-तीन आठवड्यांनी देठाच्या तुकड्याला बोटानं जरासं ढकला. पिवळा पडून पटकन गळाला आणि डोळा हिरवा असेल, तर डोळा लागला. देठ काळा, सुरकुतलेला आणि चिकटून बसलेला असेल, तर गेला. गेला तर खुंट शाबूत आहे; दुसऱ्या बाजूला थोडं खाली नवीन काप द्या. जिवंत डोळा जुनं देठ स्वतःहून सोडून देतो, मेलेल्याला तेवढंही जमत नाही.

त्या मुलीनं एकदा चांगला प्रश्न विचारला: गुलाबात बाहेरचा डोळा झाडानं आपला मानला म्हणजे काम झालं, मग लसीतही शरीर तिला आपलं मानतं का? नाही. तिथे उलटं आहे. शरीरानं तिला परकं म्हणून ओळखलं पाहिजे, तिच्याशी झगडलं पाहिजे आणि ते लक्षात ठेवलं पाहिजे, तरच उपयोग. शब्द बागेतून आला तो हाताच्या कृतीपुरता. आत काय होतं हे त्या काळी माळ्यालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही.

महिनाभरात पट्टी काढा, डोळ्याच्या मागच्या बाजूनं उभा काप देऊन. डोळा फुगलेला दिसला की खुंट त्याच्या वर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून तिरका छाटा. यानंतर खुंट खालून फुटायचा प्रयत्न करणारच. ती फूट नखाएवढी असतानाच अंगठ्यानं मोडून काढा, दर आठवड्याला. आळस केलात तर पहिल्यासारखं रानटी झाड परत तयार. नवीन फुटवा सांध्यापाशी फार नाजूक असतो, वाऱ्यानं किंवा मांजरीनं मोडतो. काडी रोवून सैल बांधा. पहिली कळी येईल ती खुडा. जिवावर येतं, पण मुळांना आणि फांद्यांना आधी ताकद येऊ द्यावी. दुसऱ्या बहराची फुलं ठेवा.

डोळे लांबून आणायचे असतील तर पानं काढलेली फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. एक-दोन दिवस तग धरते, नाशिकहून गाडीनं सहज येते. पिशवी उन्हात किंवा खिडकीपाशी ठेवू नका.

आणि प्रत्येक कुंडीत एक पट्टी खोचा: कुठल्या गुलाबाचा डोळा, कुठल्या तारखेला भरला. लसीच्या बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदत वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय मला नोकरीनं लावली, ती इथेही चालते. दह्याच्या डब्याच्या झाकणाची पट्टी कापा आणि शिसपेन्सिलीनं लिहा. मार्करचं लिहिलेलं आपल्याकडच्या उन्हात उडून जातं.